स्मरणाची मुदत : घरच्या डीएनएस-पेटीविषयी काही निरीक्षणे

संगणकाच्या परिभाषेतील ज्या आद्याक्षरांनी सामान्य माणसाला विनाकारण धाकात ठेवले आहे, त्यांत ‘डीएनएस’चा क्रमांक बराच वरचा लागावा. डोमेन नेम सिस्टिम हे त्याचे संपूर्ण नाव. प्रत्यक्षात तिचे काम अगदी घरगुती स्वरूपाचे आहे : नाव सांगितले की पत्ता सांगायचा. महाजालावरील यंत्रांना आकड्यांचे पत्ते असतात. माणसाच्या लक्षात मात्र नावे राहतात. भ्रमणध्वनीवर आपण एखादे संकेतस्थळ उघडतो, बँकेचे ॲप चालू करतो किंवा प्रयोगशाळेकडून आलेला अहवाल पाहू जातो, तेव्हा आधी आपल्या यंत्राकडून कोणाला तरी विचारणा जाते, ‘या नावाचा पत्ता काय?’ उत्तर आल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही.

हा ‘कोणी तरी’ बहुतेक घरांत इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा संगणक असतो. काही जण गूगलने २००९ साली सुरू केलेली ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरने २०१८ साली सुरू केलेली १.१.१.१ यांसारखी सार्वजनिक सेवा वापरतात. परंतु हे काम घरच्या घरीही करता येते. रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावणारा एक ब्रिटिश बनावटीचा संगणक २०१२ पासून बाजारात आहे. त्यावर ‘पाय-होल’ ही जाहिरातींची नावे गाळणारी प्रणाली आणि तिच्यामागे नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्ज या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेली ‘अनबाउंड’ ही नामशोधक प्रणाली बसवावी, राउटरला ‘यापुढे पत्ते या पेटीला विचारावेत’ असे सांगावे, की घराचे स्वतःचे चौकशी-कार्यालय सुरू झाले. दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. माझ्या घरी व खालच्या दवाखान्यात गेली काही वर्षे अशीच व्यवस्था आहे.

ही पेटी पाहणारे सहव्यावसायिक हमखास एक प्रश्न विचारतात : ‘याने नेटचा वेग वाढतो का?’ प्रश्न सरळ आहे, उत्तर तितके सरळ नाही. त्या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, तो म्हणजे एकदा मिळालेली माहिती किती काळ खरी मानून चालावे. वैद्यकीय व्यवसायात राहून या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे मला तरी जमलेले नाही.

थोडा पूर्वेतिहास

महाजालाच्या बाल्यावस्थेत सर्व यंत्रांची नावे व पत्ते ‘होस्ट्स’ नामक एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे एलिझाबेथ फाइनलर व त्यांचे सहकारी ती यादी सांभाळीत आणि ज्याला हवी त्याने ती वेळोवेळी उतरवून घ्यावी असा परिपाठ होता. आपल्याकडे टेलिफोन खात्याची जाडजूड डिरेक्टरी निघत असे, तसलाच हा प्रकार. डिरेक्टरी हाती पडेपर्यंत निम्म्यांनी घरे बदललेली असत, हे ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेलच. यंत्रे वाढली तशी ही रीत कोलमडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली आणि १९८७ साली तिचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. तेच मूलतः आजही चालू आहे.

या योजनेत संपूर्ण यादी कोणाजवळच नसते. प्रत्येकाजवळ आपापल्या अंगणापुरती माहिती असते, आणि पुढे कोणाला विचारावे एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. परगावचा पाहुणा इंदूरच्या स्थानकावर उतरून रामबागेतील एखाद्या वैद्यांचे घर शोधू लागला, तर स्थानकावरचा रिक्षावाला त्याला रामबागेपर्यंत नेईल, रामबागेतील दुकानदार गल्ली दाखवील आणि गल्लीतील मंडळी दार. डीएनएसमध्ये स्थानकाच्या जागी ‘मूळ’ सेवक आहेत. त्यांची नावे तेरा, पण प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेल्या प्रती आहेत, भारतातही आहेत. मूळ सेवक म्हणतो, ‘डॉट इनचा कारभार अमुकाकडे.’ डॉट इनचा सेवक म्हणतो, ‘या संस्थेची नावे तमुक ठिकाणी.’ तेथे गेल्यावर शेवटी पत्ता मिळतो.

प्रत्येक विचारणेस एवढी पायपीट करावी लागली असती तर ही व्यवस्था पहिल्या वर्षीच बंद पडली असती. ती तगली ती स्मरणामुळे. एकदा मिळालेले उत्तर नामशोधक आपल्याजवळ ठेवतो आणि पुन्हा तीच विचारणा आली की जागेवरून सांगतो. या साठ्याला इंग्रजीत ‘कॅश’ म्हणतात. उच्चार रोख रकमेसारखा असला तरी हा शब्द फ्रेंचमधून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे. आपल्याकडे फोनशेजारी दोऱ्याने टांगलेली जी हस्तलिखित डायरी असे, ती कुटुंबाची कॅशच होती.

वेळ कुठे जातो

घरच्या पेटीच्या स्मरणात उत्तर असेल तर ते तारेने जोडलेल्या संगणकाला साधारणतः एका मिलिसेकंदाच्या आत मिळते. वायफायवर आणखी काही मिलिसेकंद लागतात. उत्तर स्मरणात नसेल तर पेटीला बाहेर पडावे लागते आणि तिथे भूगोल आडवा येतो. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंतचे सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर नुसत्या जाण्यायेण्यालाच १२५ मिलिसेकंद हवेत. समुद्रतळाच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच लागतात. कितीही महागडी जोडणी घेतली तरी हा आकडा खाली येत नाही. ‘शंभर एमबीपीएस घेतले तरी पान उघडायला वेळ का लागतो’ या तक्रारीचे एक कारण येथे आहे. नळाची तोटी मोठी केल्याने टाकी जवळ येत नाही.

सुदैवाने संपूर्ण पायपीट क्वचितच करावी लागते. डॉट इनचा कारभार कोणाकडे, हे उत्तर मूळ सेवक दोन दिवसांच्या मुदतीने देतो. म्हणजे स्थानकावर पुन्हा पुन्हा विचारावे लागत नाही. सकाळी एकदा रामबाग कळली की दिवसभर केवळ गल्ली व दार विचारावयाचे उरते.

आता मोजमापाविषयी. अशा पेट्यांची हौस असलेली मंडळी ‘माझा सरासरी प्रतिसाद अमुक मिलिसेकंद’ असे अभिमानाने सांगतात. बालरोगतज्ज्ञाला सरासरीचे फारसे कौतुक नसते. मुलाची उंची पाहताना आपण वर्गाची सरासरी काढीत नाही. वाढीच्या आलेखावर ते मूल तिसऱ्या, पन्नासाव्या की सत्त्याण्णवाव्या शतमकावर आहे हे पाहतो. प्रतिसादाचा काळही असाच वाचला पाहिजे. समजा शंभर विचारणांपैकी ८० स्मरणातून प्रत्येकी १ मिलिसेकंदात भागल्या, १८ बाहेरून ६० मिलिसेकंदांत आणि दोहोंच्या बाबतीत बाहेर पाठविलेला संदेश वाटेत हरवल्यामुळे २ सेकंद लागले. सरासरी निघते सुमारे ५२ मिलिसेकंद. परंतु ५२ मिलिसेकंद लागलेली एकही विचारणा या शंभरांत नाही! पन्नासावे शतमक १, सत्त्याण्णवावे ६० आणि नव्याण्णवावे २००० मिलिसेकंद, हे तीन आकडे मांडले की प्रकृतीचे खरे चित्र दिसते.

आणि दुखणे आहे ते शेवटच्या आकड्यात. आजचे एखादे वृत्तपत्राचे पान उघडले की चित्रे, जाहिराती, मोजणी करणारे हेर असे मिळून वीसएक नावांचे पत्ते सहज विचारले जातात. प्रत्येक विचारणा रेंगाळण्याची शक्यता केवळ दोन टक्के असली, तरी विसांपैकी निदान एक तरी रेंगाळण्याची शक्यता तेहतीस टक्के होते. म्हणजे दर तिसऱ्या पानाला खीळ. डीएनएसची विचारणा बहुधा पोस्टकार्डासारखी पाठविली जाते, पोहोचपावती नसते. हरवली तर विचारणाऱ्याने वाट पाहून पुन्हा पाठवायची. लिनक्समध्ये ही ठरीव प्रतीक्षा ५ सेकंदांची आहे. म्हणून आपल्या पेटीचे परीक्षण करताना ‘सर्वांत जलद किती’ हे पाहण्यात अर्थ नाही. ते सर्वांचेच उत्तम असते. मंदातील मंद उत्तरे किती व का, हे पाहावे. पाय-होल गाळते ती जाहिरातींची नावे बाहेर जातच नाहीत, त्यामुळे विचारणांची संख्या घटते. वेग वाढल्याचा जो भास होतो त्यातील मोठा वाटा या गाळणीचा असतो, स्मरणाचा त्याहून कमी.

लहान वस्ती आणि गोवर

येथे एक प्रामाणिक अडचण सांगितली पाहिजे. सार्वजनिक नामशोधकाला लक्षावधी लोक विचारीत असतात. आपल्याला हवे असलेले नाव पाच सेकंदांपूर्वीच कोणीतरी विचारून गेलेले असते, म्हणून ते त्याच्या स्मरणात ताजे असते. आपल्या घरात माणसे चार-पाच. त्यांनी न विचारलेले नाव घरच्या पेटीला कोण सांगणार?

साथीच्या रोगांच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचित आहे. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ एम. एस. बार्टलेट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिले, की गोवर एखाद्या वस्तीत अखंड टिकून राहायचा तर ती वस्ती काही लाखांची असावी लागते. त्याहून लहान गावात नवी संवेदनशील बालके जन्माला येण्याआधीच साखळी तुटते आणि रोग बाहेरून पुन्हा येईपर्यंत नाहीसा होतो. फॅरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवर परतला, हे पानुम यांचे निरीक्षण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेले आहे. स्मरणातील नावाचेही असेच आहे. त्याची मुदत संपण्यापूर्वी कोणीतरी ते पुन्हा विचारले तरच साठ्याचा उपयोग होतो.

याचे गणितही अवघड नाही. एका मुदतीच्या अवधीत एखाद्या नावाबद्दल सरासरी जितक्या विचारणा येतात, त्या संख्येला तीच संख्या अधिक एक याने भागावे; विचारणा अनियमितपणे येत असतील तर स्मरणातून भागणाऱ्या विचारणांचा हिस्सा मिळतो. एखादे नाव घरात तासाला एकदा विचारले जाते आणि त्याची मुदत पाच मिनिटांची आहे असे धरू. मुदतीत विचारणा येतात एक-बारांश. स्मरणातून भागतात तेरांत एक, म्हणजे जेमतेम आठ टक्के. तेच नाव अशी हजार घरे मिळून एका सामायिक नामशोधकाला विचारीत असतील, तर हिस्सा जवळजवळ नव्याण्णव टक्क्यांवर जातो. मात्र मुदतच पाच मिनिटांऐवजी एक दिवस असती, तर एकट्या घरालाही शहाण्णव टक्के लाभ झाला असता. दुर्दैवाने मोठ्या कंपन्यांची नावे हल्ली एक ते पाच मिनिटांच्याच मुदतीने येतात. गर्दी एका सेवकावरून दुसऱ्यावर झटपट वळविता यावी, हा त्यांचा हेतू असतो.

एवढ्यावरून निराश होण्याचे मात्र कारण नाही. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी डीएनएसच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत हरी बालकृष्णन हे आयआयटी मद्रासचे पदवीधर होते. एक साठा दहा-वीस वापरकर्त्यांहून अधिकांत वाटून घेतल्याने फारसा जादा लाभ होत नाही, आणि पत्त्यांची मुदत काही शे सेकंदांवर आणली तरी फारसे नुकसान होत नाही, असे त्यांना आढळले. कारण मनुष्यस्वभाव! बहुसंख्य विचारणा मूठभर लोकप्रिय नावांविषयी असतात, आणि ती नावे लहान घरातही मिनिटागणिक विचारली जातात. उरलेली असंख्य नावे एकदाच विचारली जातात. त्यांना कोणताच साठा वाचवू शकत नाही. आज घरातील भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी, कॅमेरे, दवाखान्यातील संगणक असे मिळून यंत्रांची संख्या वीसच्या घरात सहज जाते. त्या हिशेबाने आपले घर म्हणजे अगदीच फॅरो बेट नव्हे.

मुदत खोडू नये

प्रत्येक उत्तरासोबत त्याची मुदत सेकंदांत लिहून येते. तिला ‘टीटीएल’, म्हणजे आयुर्मर्यादा, म्हणतात. ती ठरविण्याचा अधिकार नावाच्या मालकाचा असतो. विशेष म्हणजे उत्तर एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात गेले तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. उरलेली तेवढीच पुढे जाते. घरी पाय-होलचा एक साठा आणि अनबाउंडचा दुसरा, असे दोन असले तरी उत्तर दुप्पट जगत नाही. गोळ्यांच्या पट्टीवरील अंतिम तारीख घाऊक व्यापाऱ्याकडून किरकोळ दुकानात आली म्हणून पुढे सरकत नाही, तसेच हे.

हौशी मंडळी येथे एक युक्ती करतात. स्मरणातून अधिक उत्तरे भागावीत म्हणून ‘मालक काहीही म्हणो, निदान एक तास तरी हे उत्तर ठेवायचेच’ असा हुकूम पेटीला देता येतो. आकडे लगेच सुधारतात, प्रतिसादाचा आलेख देखणा होतो. मला ही युक्ती पसंत नाही. पट्टी कापून चार गोळ्या देताना तारखेचा तुकडा नेमका दुकानदाराकडे राहतो आणि रुग्णाच्या हाती निनावी गोळ्या येतात, त्यातला हा प्रकार आहे. अनबाउंडचे कर्ते स्वतः दुसऱ्या टोकाने सावध आहेत. मालकाने दोन दिवसांची मुदत दिली तरी अनबाउंड मूळ मांडणीत एका दिवसाहून अधिक काळ कोणतेही उत्तर धरून ठेवीत नाही.

आपल्या व्यवसायात उत्तरांवर मुदत छापलेली नसते, ही खरी पंचाईत आहे. जलसंजीवनीचे उदाहरण घ्यावे. १९७५ पासूनच्या सूत्रात लिटरमागे ९० मिलिमोल सोडियम आणि एकूण ऑस्मोलॅरिटी ३११ असे. २००२ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ते अनुक्रमे ७५ व २४५ वर आणले. परंतु ज्याने जुने सूत्र तोंडपाठ केले होते त्याला उत्तर तत्काळ आठवे, आणि तत्काळ आठवते ते खरेच असणार असे मनाला वाटत राही. तान्ह्या बाळाला पालथे निजवावे हा सल्लाही असाच. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९२ साली तो अधिकृतपणे बदलला, तरी घरोघरच्या आजीबाईंच्या आणि काही वैद्यांच्याही स्मरणात तो पुढे कितीतरी वर्षे जिवंत होता. जलद उत्तराला आत्मविश्वासाचा सूर आपोआप चढतो. पेटीचे बरे आहे, तिच्या आत निदान घड्याळ उलटे मोजत असते.

मुदत न खोडता वेग मिळविण्याचे दोन सभ्य मार्ग आहेत. पहिला आगाऊ नूतनीकरणाचा. मुदतीचा शेवटचा दशांश उरला असताना विचारणा आली, तर अनबाउंड हातचे उत्तर देऊन टाकते आणि पाठीमागे नवे मागवून ठेवते. बूस्टर मात्रा प्रतिकारशक्ती पूर्ण ओसरण्याआधी देतात, हे तत्त्व येथेही लागू पडते. पण याचा लाभ वर्दळीच्या नावांनाच होतो. पाच मिनिटांच्या मुदतीत शेवटचा दशांश म्हणजे अर्धे मिनिट. तासाला एकदा विचारले जाणारे नाव त्या अर्ध्या मिनिटात नेमके सापडणे विरळाच.

दुसरा मार्ग अधिक वादाचा आहे : मुदत संपलेले उत्तरही टाकून न देता ठेवायचे व अडीअडचणीला वापरायचे. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८७६७ या दस्तऐवजाने याला शिस्त घालून दिली. आधी ताजे उत्तर मिळविण्याचा प्रयत्न करावा, सुमारे १.८ सेकंदांत ते न आले तर शिळे द्यावे. त्यावर ३० सेकंदांचीच मुदत लिहावी. आणि एक ते तीन दिवसांपेक्षा जुने उत्तर वापरू नये. काही जण प्रयत्न करण्याआधीच शिळे उत्तर देऊन टाकण्याची मांडणी पसंत करतात, कारण त्यात मिलिसेकंद वाचतात. अनबाउंडमध्ये दोन्ही रीती ठेवता येतात. दवाखान्यात मी पहिलीच ठेवतो. पत्ता बदललेला असला, तर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची पडताळणी करीत असल्याने सहसा फसवणूक होत नाही, पान न उघडता त्रुटीचा संदेश येतो. पण समोर रुग्ण बसलेला असताना तो संदेश दीड सेकंदाच्या प्रतीक्षेपेक्षा महाग पडतो.

साठ्याच्या आकाराविषयी एका वाक्यात सांगायचे तर तो वाढविण्याच्या मागे लागू नये. पाय-होल मूळ मांडणीतच दहा हजार नोंदी ठेवते, आणि घरगुती साठ्यातील नावे मुदत संपून जातात, जागेअभावी नव्हे.

‘नाही’ हे उत्तरही लक्षात राहते

ज्या सभासदांना रुग्णालयाचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, त्यांनी पुढील परिच्छेद अवश्य वाचावा. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरसुद्धा साठ्यात राहते. १९९८ सालच्या आरएफसी २३०८ मध्ये त्याचे नियम आहेत. नवे नाव कार्यान्वित होण्याआधीच कोणी उत्साहाने विचारून पाहिले, तर त्याच्या पेटीत नकार नोंदला जातो, आणि नाव सुरू झाल्यावरही नकाराची मुदत संपेपर्यंत तो कायम राहतो. एका परिचित शल्यचिकित्सकांचे संकेतस्थळ नव्या सेवकावर हलविले गेले तेव्हा निम्म्या रुग्णांना नवे पान दिसे आणि निम्म्यांना जुनी वेळापत्रके. दोष कोणाचाच नव्हता. जुन्या पत्त्याची मुदत एक दिवसाची होती. अशा स्थलांतरापूर्वी निदान एक दिवस आधी मुदत पाच मिनिटांवर आणावी, हलविण्याचे काम उरकावे आणि सर्व सुरळीत झाल्यावर मुदत पूर्ववत करावी. काम करणाऱ्या तंत्रज्ञाला हे आपणहून सांगावे.

साठा कधी तारतो, कधी नाही

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या डीएनएस-सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर ‘मिराई’ नामक जाळ्याने खोट्या विचारणांचा भडिमार केला. ट्विटरसारखी अनेक स्थळे काही तास दिसेनाशी झाली. ती यंत्रे धडधाकट होती. त्यांचा पत्ता सांगणाऱ्याला तेवढी बोलायची फुरसत नव्हती. अशा प्रसंगी शिळे उत्तर जवळ असलेली पेटी खरोखर तारून नेते.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र याहून वेगळी होती. आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक व व्हॉट्सॲप बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीच्या अंतर्गत दुरुस्तीत तिच्या नामसेवकांकडे जाणारे मार्गच महाजालावरून मागे घेतले गेले होते आणि तिच्या संगणक-केंद्रांना जोडणारा अंतर्गत कणाही तुटला होता. पत्ता पाठ असूनही उपयोग नव्हता. तेथे नेणारा रस्ताच उरला नव्हता. रुग्णांचे अहवाल केवळ व्हॉट्सॲपवर मागविण्याची सवय लागलेल्या आपल्यापैकी अनेकांना त्या रात्री जुन्या साध्या फोनची आठवण झाली असेल. या दोन घटनांतील भेद ध्यानात न घेता ‘घरी साठा आहे, आता चिंता नाही’ असे मानणे भाबडेपणाचे होईल.

वीज, घड्याळ आणि एक कागद

शेवटी आपल्या गावातील वास्तवाविषयी. साठा पेटीच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो. वीज गेली की तो जातो, आणि परतल्यावर पहिली काही मिनिटे प्रत्येक नावासाठी पायपीट होते. वीज आल्याआल्या नेट सुस्त वाटते त्याचे हे एक कारण; चहा होईपर्यंत ते आपोआप सुधारते.

यापेक्षा गंभीर गुंता घड्याळाचा आहे. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत विजेविना चालणारे घड्याळ त्यात नाही. पाचव्या आवृत्तीत सोय आहे, पण तिला वेगळी बॅटरी जोडावी लागते. दीर्घ काळ वीज जाऊन आली की पेटीला भलतीच तारीख वाटते. अनबाउंड उत्तरांवरील स्वाक्षऱ्या तपासते आणि स्वाक्षऱ्यांना कालमर्यादा असते. तारीख चुकली की सर्व उत्तरे तिला बनावट वाटतात व ती नाकारते. खरी वेळ विचारावी तर वेळ सांगणाऱ्या सेवकाचे नाव शोधावे लागते, आणि ते नाव शोधण्याचे काम तिचेच! उपाय साधा आहे : वेळ-सेवकाचा आकडी पत्ता थेट लिहून ठेवावा, किंवा अल्प किमतीचे घड्याळ-यंत्र पेटीला जोडावे. त्यासोबत राउटर व पेटी दोन्ही लहान यूपीएसवर ठेवावीत.

आणि पेटी कधीतरी बंद पडणारच. बहुधा तिचे मेमरी कार्ड निकामी होते. ती बंद पडली की जोडणी उत्तम असूनही घरातील सर्वांना ‘नेट गेले’ असेच दिसते, आणि नेमके तेव्हा आपण रुग्णालयात असतो. घरी आई-वडील असतात, मुलांचा वर्ग चालू असतो, खाली लसीकरणासाठी आलेली मंडळी बसलेली असतात. राउटरमध्ये पर्यायी पत्ता म्हणून सार्वजनिक सेवा लिहून ठेवली की निभावेल, अशी अनेकांची समजूत आहे. परंतु यंत्रे पहिल्या पत्त्याला प्राधान्य देतीलच याची खात्री नसते. काही दोन्हींना आलटूनपालटून विचारतात आणि गाळणीचा हेतूच फसतो. घरी जुनी दुसरी पेटी असेल तर तीच पर्यायी ठेवावी. नसेल तर राउटरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद चिकटवावा : राउटरच्या पानावर कसे जावे, परवलीचा शब्द कोठे ठेवला आहे, आणि पेटीच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ लिहून ‘सेव्ह’ हे बटण दाबावे. आमच्या घरी हा कागद सौभाग्यवतींनी स्वहस्ते लिहिला आहे, आणि तो वाचून आमच्या मातुःश्रींनी एकदा फोनवर न विचारता नेट सुरू केले आहे.